दुखऱ्या बाजूचा चेंडू

आमच्या घरी भांडणं व्हायची ती शेणावरून. अमरावतीच्या कॅम्पात आमचा बंगला होता, बंगल्यामागं मोकळी जागा, आणि त्या जागेवर अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, टेनिसचं कोर्ट केलेलं. मुरूम चोपून त्यावर शेणकाला सारवायचा, तो वाळला की चुन्याच्या रेघा मारायच्या. गोठ्यातलं सगळं शेण कोर्टाला जायचं आणि आई गोवऱ्यांसाठी तडफडायची. ती हिवरखेडच्या शेतकऱ्यांची लेक. तिच्या बोलण्याला आडपडदा नव्हता. "शेन चुलीले लागते का तुमच्या त्या चेंडूले?" असं ती परसात उभी राहून, अप्पांच्या वकिलीचे पक्षकार ओसरीवर बसलेले असताना, खुशाल ओरडायची. अप्पा उत्तर देत नसत. ते कधीच लगेच उत्तर देत नसत. संध्याकाळी कापसाच्या जिनाचा भोंगा झाला की पांढरी पँट चढवून ते मागच्या दारानं बाहेर पडत, आणि मग अंधार पडेपर्यंत स्वयंपाकघरात चेंडूचा थपथप आवाज आणि आईची भाकरी थापण्याचा आवाज एकमेकांत मिसळून जात. अजूनही कुणी भाकरी थापायला लागलं की मला कोर्टावर कुणीतरी खेळतंय असं वाटतं आणि मी तिथून उठून जाते. का जाते तेच सांगायला बसले आहे.

अप्पा जोरात मारत नसत. क्लबातले तरुण वकील त्यांना हसायचे आणि हरायचे. जागा जशी होती तसं कोर्ट आखल्यामुळं ते पूर्व-पश्चिम पडलं होतं. विहिरीकडच्या टोकाला उभं राहणाऱ्याच्या डोळ्यांत संध्याकाळचा सूर्य थेट जायचा. समोरचा त्या टोकाला गेला की अप्पा चेंडू उंच, सावकाश, बरोबर सूर्यात टाकायचे. तो डोळे मिचकावत कसाबसा परतवायचा, तोवर पुढचा चेंडू नेटच्या जवळ, तोकडा, मेल्यासारखा पडलेला. तो धावून आला की पुन्हा उंच, डोक्यावरून मागं. मध्येच अप्पा बुटाची नाडी सोडून बांधायचे. समोरचा चिडला की खेळ संपला, असं त्यांचं म्हणणं. जेवताना ते ताटात कोर्ट मांडायचे. भाकरी म्हणजे मैदान, लसणाच्या चटणीचा गोळा म्हणजे समोरचा माणूस, आणि कांद्याची पाकळी या बाजूनं त्या बाजूला सरकवत माझ्या मोठ्या भावाला, नानाला, आणि मला ते समजावून सांगायचे. "माणसाची एक बाजू कच्ची असतेच. ती शोधायची. सापडली की लगेच तिच्यावर तुटून पडायचं नाही. दोन चेंडू दुसरीकडं, मग एक तिकडं." आणि सगळ्यात आवडता धडा शेवटी: "आपली कच्ची बाजू लपवू नये. लपवली की दिसते. खोटी दाखवावी. बॅकहँड येत नाही असं दाखवायचं, एकदोन मुद्दाम चुकवायचे. मग तो मूर्ख सगळे तिकडंच टाकतो आणि आपण वाटच बघत असतो." मला ते गोठ्याच्या भिंतीवर चेंडू मारायला शिकवत. माझा बॅकहँड नानापेक्षा चांगला होता. मग मी मोठी झाले, लुगडं नेसायला लागले, आणि रॅकेट नानाच्या खोलीत गेली. त्याबद्दल कुणाशी भांडायचं असतं हेसुद्धा मला तेव्हा माहीत नव्हतं.

लोकांकडं मुलगी पाहायचा कार्यक्रम असतो, आमच्याकडं मुलगा पाहायचा होता, आणि तो कोर्टावर व्हायचा. ही अप्पांची स्वतःची टूम. वकिलीत आयुष्य गेलेलं, त्यामुळं माणूस तोंडानं काय सांगतो यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. घराणं, पत्रिका, शिक्षण हे सगळं जुळलं की शेवटी मुलाला म्हणायचं, "टेनिस खेळता ना? मग या संध्याकाळी." आणि समोर नानाला उभं करायचं. नानाला हुकूम असा की जिंकला नाहीस तरी चालेल, पण त्याला चिडव. सूर्यात टाक, पायात टाक, नाडी बांध. "ज्याला कोर्टावर राग आवरत नाही तो घरात हात उगारणार," हे अप्पांचं शास्त्र. त्यांच्या थोरल्या बहिणीला नवऱ्यानं मारून मारून बहिरं केलं होतं. ती आत्या आमच्याकडंच असायची, कोपऱ्यात वाती वळत. त्यामुळं हे शास्त्र कुठून आलं ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याला कुणी हसत नसे.

पहिला मुलगा अचलपूरचा. धिप्पाड, केसाळ, हसरा. नानानं त्याला सूर्यात चार उंच चेंडू टाकले तसा तो लाल झाला, पाचव्याला त्यानं रॅकेट नेटच्या खांबावर आपटली आणि म्हणाला, "हे काय टेनिस हाय काय बे? पतंग उडवून राहिला का?" मला हसू फुटलं. मी मागच्या पडवीत बांबूच्या चिकाच्या पडद्याआड बसले होते, आईच्या शेजारी. आईही हसली. पण चिवड्याच्या बशा बाहेर जायच्या आत तो मुलगा नापास झाला. पुष्कळ वर्षांनी त्याची बायको मला एका लग्नात भेटली. ती चांगली गोल झाली होती आणि भर मांडवात नवऱ्याला मोठमोठ्यानं रागवत होती, आणि तो दाढी खाजवत ऐकून घेत होता. मी त्या दिवशी जेवले नाही.

मग अकोल्याचे आले. नवऱ्याचं नाव घेण्याची आमच्यात पद्धत नव्हती, आणि पुढं पद्धत आली तरी मला घ्यावंसं वाटलं नाही. म्हणून इथंही अकोल्याचेच. पुण्याला शिकलेले, अकोल्यात वकिली नुकती सुरू केलेली. बोलणं इतकं मऊ की आमच्या घरातलं नेहमीचं बोलणं त्यांच्यापुढं दगड फेकल्यासारखं वाटायला लागलं. "आपण", "कृपा करून", "त्रास नसेल तर". आम्ही वऱ्हाडातली माणसं. जे पोटात ते ओठात. त्यामुळं ज्याचे ओठ गोड त्याचं पोटही गोड, असा आमचा सरळ हिशेब. इतका मोठा वकील माझा बाप, पण त्यानंही तोच हिशेब केला.

नानानं सगळं केलं. सूर्यात टाकलं, पायात टाकलं, नाडी तर इतक्यांदा बांधली की मलाच लाज वाटली. अकोल्याचे प्रत्येक फटक्याला "छान!" म्हणत आणि चेंडू परत पाठवत. फक्त परत पाठवत. एकही गुण त्यांनी स्वतःच्या फटक्यानं घेतला नाही. समोरच्यानं चूक करेपर्यंत थांबायचे. खेळ लांबत चालला, सूर्य गोठ्याच्या छपराआड गेला, आणि सारवण पोपडलं होतं त्या जागी नानाचा पाय मुरगळला. तो खालीच बसला. अप्पा खुर्चीतून उठले, म्हणाले, "पुरे झालं." पण त्यांच्या आधी अकोल्याचे नेट ओलांडून आले होते. ते नानापुढं मातीत गुडघे टेकून बसले, त्याचा पाय हातात घेतला आणि बोटानं दाबत विचारू लागले, "इथं दुखतं? की इथं? आत वळवला की जास्त, की बाहेर?" नाना सांगत गेला. आईसुद्धा चिकाआडून म्हणाली, "पोरगं मायाळू दिसते." नानाला वाटलं आता थांबलो तर हरलो असं दिसेल, म्हणाला, काही नाही, खेळू या.

त्यानंतरचं मी रोज पाहते, अजून. त्यानंतर प्रत्येक चेंडू तोकडा आणि डावीकडं पडला, असा की नानानं धावत यावं आणि त्याच पायावर, आतल्या बाजूला, वळावं. अप्पांच्या धड्यात दोन चेंडू दुसरीकडं असायचे. इथं तेही नव्हते. जोर नाही, घाई नाही. प्रत्येक वेळी नाना कळवळला की तिकडून "माफ करा हं, लागलं का?" आणि पुढचा चेंडू पुन्हा तिथंच. चेहऱ्यावर हसू होतं, आणि ते छद्मी नव्हतं. लहान मूल खेळण्यात रमतं तसं ते रमलेलं हसू होतं. आईनं माझा हात धरला. शेवटी नानाला उभंच राहता येईना तेव्हा अकोल्याचे स्वतः त्याला खांद्याचा आधार देऊन ओसरीवर घेऊन आले आणि आंबेहळद उगाळून आणा म्हणून सांगितलं. त्या पायानं नाना पुन्हा धावला नाही. जन्मभर लंगडला.

रात्रीच्या जेवणात अप्पा खुशीत होते. "एकदा कपाळाला आठी नाही! इतकं सतावलं, पण शब्दानं वावगं नाही. आणि डोकं आहे. बाजू बरोबर हेरली." मी वाढत होते. वाढता वाढता माझ्या तोंडून निघून गेलं, "अप्पा, पाय मुरगळल्यावर सगळे चेंडू तिकडंच कावून टाकले त्यायनं?" ताटावरचे हात थांबले. लग्नाच्या मुलीनं नवऱ्या मुलाबद्दल 'का' म्हणून विचारायचं नसतं. अप्पा म्हणाले, "खेळ आहे तो. मीच नाही का शिकवलं तुम्हाला?" आई मात्र गप्प बसली नाही. "मले त्याचं हासनं पटलं नाई. दुखनं पाहून हासते मानूस?" अप्पा म्हणाले, "मग काय रडायचं? अचलपूरचा आपटत होता ते बरं होतं?" कोपऱ्यातली बहिरी आत्या सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होती. तिच्याकडं पाहून अप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि विषय संपला. बिचाऱ्यांनी बहिणीचा नवरा टाळण्यासाठी सगळी हुशारी खर्च केली, आणि तो तेवढा त्यांनी टाळला. माझ्यावर कधीच कुणी हात उगारला नाही.

अकोल्याला गेल्यावर पहिले काही दिवस अकोल्याचे माझ्याजवळ बसून विचारायचे, "तुला काय आवडतं? कशाची भीती वाटते? मला सगळं सांग, म्हणजे मला काळजी घेता येईल." मी अठराची. असं कुणी कधी विचारलं नव्हतं. मी सांगत गेले. इथल्या परसातली जुई आवडते, भाकरीबरोबर लसणाची चटणी नसली तर घास उतरत नाही, आईवाचून मला करमत नाही. नानाचा पाय त्या वेळी आठवला असता तर! महिन्याभरात जुई उपटली गेली. साप येतात, तुझीच काळजी. लसूण घरातून बंद झाला, त्यांचं पित्त. यांत भांडण्यासारखं काय होतं? कुणाला सांगितलं असतं तर हसले असते. आणि माहेर पुढं पुढं ढकललं जाऊ लागलं. नाही म्हणून कधीच म्हणाले नाहीत. "जाऊ या ना. दसरा होऊ दे." मग दिवाळी, मग संक्रांत. मी रडले की पाठीवरून हात फिरवत विचारायचे, "फार आठवण येते का?" आणि मी हो म्हटलं की त्यांचा चेहरा कोर्टावरच्यासारखा रमून जायचा.

उन्हाळ्याच्या तोंडावर मामा माझ्या आजारी आईला पाहून अमरावतीहून हिवरखेडला परत जाताना मध्ये अकोल्याला उतरला. बैठकीतच उभ्या उभ्या म्हणाला, "बाई लय खालावली. तुयंच नाव घेऊन राहिली. आता जास्त दिवस काढत नाई ते." अकोल्याचे ताबडतोब म्हणाले, "पाठवतो ना मामा. अवश्य पाठवतो." मामा त्यांच्या पाया पडायचा तेवढा बाकी राहिला. तो गेल्यावर मला म्हणाले, "उन्हाचा प्रवास आहे. पौर्णिमा होऊ दे, मग बघू." आणि माझ्याकडं बघत राहिले. मी तोंड उघडणार होते. पाया पडणार होते. पण त्या बघण्यात मला चुन्याच्या रेघा दिसल्या, आणि लंगडत धावणारा नाना दिसला, आणि मी म्हटलं, "बरं झालं." एवढंच. आत जाऊन कणीक भिजवायला घेतली. पाणी जास्त पडलं, म्हणून कणीक सैल झाली.

दुसऱ्या दिवशी ते पुढच्या खोलीत आहेत असं पाहून मी सासूबाईंना हळू आवाजात सांगितलं, फार हळूही नाही, की मला मरणाऱ्या माणसाची फार भीती वाटते. लहानपणी आजोबांना पाहिलं तेव्हा महिनाभर ताप होता. आईचं ते रूप पाहायची वेळ आली नाही हे देवाचे उपकार. यातलं एक अक्षर खरं नव्हतं. आजोबांना मी मांडीवर डोकं घेऊन पाणी पाजलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "काय पोर आहे! आईची भीती?" पुढच्या खोलीत कागदांचा आवाज थांबला. संध्याकाळी चहा घेताना त्यांनी सहज विचारलं, "तुला मरणाची भीती वाटते का गं?" नाना म्हणाला होता ना, काही नाही, खेळू या, तसंच मी झटकन म्हटलं, "छे, मला कशाची भीती?" आणि बशी मुद्दाम जोरात ठेवली. सकाळी त्यांनी मला हाक मारली. आवाज दुधासारखा. "मी विचार केला. आईला भेटायलाच हवं तुला. कर्तव्य आहे. शेवटपर्यंत राहा. आणि तिच्याच खोलीत झोप, तिला एकटं वाटू नये." मी रडले. नका पाठवू म्हणून हात जोडले. ते रडणं खोटं होतं आणि खरंही, कारण मधले दोन दिवस गेले होते आणि आई वाट बघेल की नाही कुणास ठाऊक. त्यांनी स्वतः स्टेशनवर येऊन मला बायकांच्या डब्यात बसवलं आणि गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभे राहून माझा चेहरा बघत होते.

बडनेऱ्याला गाडी बदलून, टांग्यानं, भर उन्हात पोचले. आई जिवंत होती. मागच्या खोलीत, कोर्टाकडच्या खिडकीशी तिची बाज होती. कोर्टावर गवत माजलं होतं. नाना खेळत नव्हता आणि एकटे अप्पा कुणाशी खेळणार? आईचं नुसतं हाडांचं गाठोडं झालं होतं, पण डोळे तेच. मला पाहून पहिलं वाक्य काय, तर, "भांडून आली का वं?"

"नाही आई. त्यांनीच पाठवलं."

"त्यायनं? आपल्या मनानं?"

"आपल्या मनानं. स्टेशनवर येऊन गाडीत बसवून दिलं. शेवटपर्यंत राहा म्हणाले."

तिनं माझा चेहरा निरखून पाहिला. तिच्यापासून मी कधी काही लपवू शकले नव्हते. मग तिच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी ओघळलं आणि ती म्हणाली, "मंग मीच चुकली पोरी. त्या दिवसापासून मले घोर लागला होता. त्याचं हासनं आठवे, अन् मले झोप नाई ये. उगाच वाईट आनलं मनात लेकराबद्दल." तिनं माझा हात धरला. "सुखात हायस ना?"

सगळ्या घरात एकटीनं पाहिलं होतं तिनं. एकटीच माझ्या बाजूची होती. आणि तिच्यापर्यंत पोचायला मी जो चेंडू मारला होता त्यानं तीच माझ्या बाजूनं उठून गेली. मला ओरडून सांगावंसं वाटलं, आई, तुझंच बरोबर होतं. पण तिच्या कपाळावरच्या आठ्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा गेल्या होत्या. मी म्हटलं, "हो. सुखात आहे." ती झोपली. इतक्या दिवसांत त्या रात्री पहिल्यांदा ती गाढ झोपली, असं आत्या सकाळी म्हणाली.

ती जायच्या आधी मी तिला लसणाची चटणी कालवून बोटावर चाटवली. मीही खाल्ली. घाटावरून नाना परत आल्यावर तो आणि मी कोर्टाच्या कडेला बसलो होतो, गवतात. त्यानं पाय लांब करून ठेवला होता. त्यानं विचारलं, "बॅकहँड दाखवला का?" मी मान हलवली. तो हसायला लागला, आणि हसता हसता त्यानं तोंड धोतराच्या सोग्यात खुपसलं. आणखी विचारून तरी त्यानं काय केलं असतं? तो लंगडा, अप्पांच्या वकिलीवर जगणारा, आणि मी दिलेली.

तेराव्याला अकोल्याचे मला न्यायला आले. ओसरी माणसांनी भरलेली. ते सरळ माझ्यापाशी आले, सगळ्यांदेखत माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि अगदी हळू विचारलं, "फार त्रास झाला ना गं तुला?"

"हो," मी म्हटलं, "फार."

त्यांनी समाधानानं मान हलवली. अप्पा उपरण्यानं डोळे पुसत होते. शेजारचे मुन्सफसाहेब आपल्या धाकटीसाठी स्थळ शोधत होते, त्यांच्याकडं वळून अप्पा म्हणाले, "पाहिलंत? माणूस कोर्टावरच ओळखायचा असतो. गवत काढून घेतो, तुम्ही मुलाला घेऊन या." दारात टांगा उभा होता. आत्यानं मला कुंकू लावलं, आणि मी जाऊन बसले.